तळाचा नमुना

मला चिखलाची किळस येते. अकरा वर्षं चिखलातच नोकरी करणाऱ्या बाईनं असं म्हणावं, ह्याचं लोकांना हसू येतं. येऊ दे. खाटकाला रक्ताची किळस येत असेल तर तो काय गिऱ्हाइकांना सांगत बसतो का?

आणि हा साधा चिखल नव्हे. बेंटोनाइट नावाची मातीची पूड पोत्यांतून येते. पाण्यात घुसळली की तिची खळ होते, राखाडी, बुळबुळीत. जमिनीत बत्तीस मीटर खोल चर खणायचा आणि तो ढासळू नये म्हणून खणता खणताच ह्या खळीनं काठोकाठ भरत राहायचा. माती बाहेर, खळ आत. खळीच्या दाबानं चराच्या दोन्ही कडा उभ्या राहतात. मग त्यात लोखंडी सळ्यांचा पिंजरा सोडायचा, पार तळापर्यंत नळी घालायची आणि तळापासून वर काँक्रीट भरत यायचं. काँक्रीट जड, ते खळीला वर ढकलतं, वर आलेली खळ पंपानं ओढून घ्यायची. भिंतीचा असा एक तुकडा म्हणजे एक पॅनेल. ते झालं की त्याला चिकटून दुसरं. असं करत करत जमिनीच्या पोटात भिंत तयार होते, आणि ती कशी झाली हे सहा-आठ महिने देवालासुद्धा दिसत नाही. पुढे आतली माती काढतात तेव्हा ती उघडी पडते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आमच्या धंद्यात ती मूठ एक ना एक दिवस उघडावीच लागते.

माझं काम खळ तपासण्याचं. खणून झालं की खळीत वाळू मिसळलेली असते. ती वाळू तळाशी बसते, म्हणून खळ तळातून उपसून चाळण्यांवरून फिरवायची आणि स्वच्छ करून परत सोडायची. ती पुरेशी स्वच्छ झाली का, हे मी सांगायचं. एक नमुना वरचा, एक तळाचा. वजन बघायचं, काचेच्या नळीत धुऊन वाळू किती टक्के ते बघायचं, कागदावर लिहायचं, सही करायची. माझ्या सहीशिवाय काँक्रीटचा एक थेंब पडत नाही. साइटवर सगळे मला वहिनी म्हणतात, कारण ग्रॅब चालवणारे माझे धाकटे दीर मला वहिनी म्हणतात. त्यांनीच मला ह्या कामाला लावलं.

ग्रॅब म्हणजे क्रेनच्या लोखंडी दोरांना टांगलेला बारा टनांचा जबडा. तो चरात सोडायचा, मातीचा घास घ्यायचा, वर आणून ट्रकमध्ये ओकायचा. दिवसभर हेच. खाली कठीण खडक लागला की दोन दातेरी चाकांचं कटर यंत्र आणतात, ते दळत दळत खाली जातं. दिरांना त्या कटरचा भारी राग. म्हणतात, त्यात पडद्यावर आकडे बघून माणूस झोपेतसुद्धा खणेल, ग्रॅबवाल्याला मात्र दोराच्या थरथरीवरून कळावं लागतं की खाली वाळू आहे, माती आहे की दगड. बावीस वर्षं त्या केबिनमध्ये बसलेत. त्यांनी खणलेल्या पॅनेलांमधल्या एकाही सांध्यातून आजवर पाणी आलेलं नव्हतं, आणि हे ते दर रविवारी जेवताना ऐकवायचे. आम्ही एकाच घरात राहतो, खाली मी आणि आमचे हे, वर दिरांचं बिऱ्हाड. त्यामुळे ऐकल्यावाचून सुटका नाही.

तर मूठ उघडली. चार मजली पार्किंगसाठी आतला खड्डा खणत खणत नऊ मीटर खाली आले होते. मंगळवारी सकाळी सतरा आणि अठरा नंबरच्या पॅनेलमधल्या सांध्यावरची माती खरवडली, तर आत काँक्रीट नव्हतंच. तळहाताएवढा रुंद काळा पट्टा, वरपासून खालपर्यंत. गवंड्यानं त्यात सळई खुपसली तर ती कोपरभर आत गेली आणि मागून पाणी आलं. पाण्याबरोबर वाळू. वास असा की गवंडी, जो स्वतः आठवड्यातून एकदा आंघोळ करतो, तोसुद्धा तोंड फिरवून थुंकला.

भिंतीच्या पलीकडे गल्ली आहे. गल्लीत एक लाँड्री आणि वर तीन मजले माणसं. दुपारपर्यंत लाँड्रीवाली सांगत आली की तिच्या पायरीपुढचा रस्ता चार बोटं खचलाय. इकडे वाळू वाहत आली की तिकडची जमीन पोकळ होते, सरळ हिशेब आहे. साहेबांनी खणणं थांबवलं, सांध्यापुढे वाळूच्या पोत्यांचा ढीग लावला आणि खापर फोडायला डोकं शोधायला लागले.

साहेब म्हणजे आमचे साइट इंजिनियर. पेनाच्या टोपणानं कान कोरतात, टोपण बघतात आणि त्याच पेनानं सह्या करतात. मला त्यांचे कागद हातात घ्यायलाही नको वाटतं. त्यांनी आम्हाला कंटेनरमधल्या ऑफिसात बोलावलं आणि दिरांना विचारलं, "सतराची कड ब्रशनं घासली होती का?"

हा ब्रश समजून घ्या. शेजारचं पॅनेल खणून झालं की आधीच्या पॅनेलच्या काँक्रीटच्या कडेला खळ आणि माती चिकटलेली असते. ग्रॅबला पोलादी तारांचा ब्रश लावून ती कड वरपासून खालपर्यंत घासायची, ब्रश स्वच्छ वर येईपर्यंत. नाही घासली तर सांध्यात चिखल राहतो. दिरांनी त्या दिवशी ती कड तीन वेळा घासली होती. तिसऱ्यांदा ब्रश वर आला तेव्हा तारा चकचकत होत्या. मी शेजारी उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं.

दीर जमिनीकडे बघत म्हणाले, "घाईत राहिलं असेल, साहेब."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. साहेबांचं मात्र तोंड उजळलं. एका माणसाची चूक म्हणजे एका पत्राचं काम. उद्या दहा वाजता मालकांकडच्या तपासनीस बाई येतील, त्यांच्यासमोर कागद होईल, दिरांचा यंत्र चालवण्याचा दाखला कायमचा रद्द होईल. मग सांधा बाहेरून सिमेंट दाबून बुजवायचा, आतून लोखंडी पत्रा मारायचा आणि पुढचं काम चालू. बावीस वर्षांच्या माणसाला ग्रॅबवरून उतरवणं हे साहेबांनी कान कोरता कोरता ठरवलं.

चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि चोर कोण, तर मी.

आता सांगूनच टाकते. अठरा नंबर खणताना एक जुनं बुजलेलं गटार लागलं होतं. सगळी खळ काळी पडली, सडक्या अंड्यांचा वास सुटला. तळाचा नमुना घ्यायचा म्हणजे पोलादी नळकांडं दोरीनं बत्तीस मीटर खाली सोडायचं, झटका देऊन त्याची झाकणं मिटवायची आणि हातानं ओढत वर आणायचं. ती बत्तीस मीटर दोरी त्या घाणीत भिजून तुमच्या पंजांतून सरकत येते. हातमोजे असून नसल्यासारखे. ती बुळबुळ मनगटावरून आत शिरते, कोपरापर्यंत जाते, नखांत बसते, आणि घरी तीन वेळा साबण लावला तरी जेवताना हात तोंडाशी आला की वास येतो. त्या दिवशी मला नुसत्या विचारानंच उमासा आला. मी काठावर वाकले, प्लास्टिकचा मग बुडवून वरचाच नमुना घेतला, तोच दोनदा तपासला आणि एकापुढे 'वर' लिहिलं, दुसऱ्यापुढे 'तळ'. वर चाळून आलेली खळ छान होती. खाली वाळूचा रेंदा तसाच होता. काँक्रीटनं तो ढकलत नेला आणि सांध्याच्या कोपऱ्यात दाबून बसवला.

संध्याकाळी परतताना मी दिरांना बसस्टॉपवर गाठलं. म्हटलं, "भाऊजी, हे काय नाटक लावलंय? ब्रश मी स्वतः बघितला होता."

"केबिन उंचावर असते, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी दोरी सोडलीच नाही. वरूनच मगानं घेतलात बुडवून."

म्हणजे आठ महिने ह्यांना ठाऊक होतं आणि दर रविवारी समोर बसून जेवत होते.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"काँक्रीटचे ट्रक येऊन उभे होते. म्हटलं, अकरा वर्षांत बाईनं एकदा कंटाळा केला, एवढं काही होत नाही. चूक माझीपण आहेच." त्यांनी चपलेनं रस्त्यावरचा खडा बाजूला केला. "एकदाच झालं ना असं?"

"एकदाच," मी म्हटलं.

"मग झालं तर. तुमची सही गेली तर ह्या वयात तुम्हाला कोण विचारणार? मी काय, पंपावर उभा राहीन, फावडं मारीन. हात आहेत."

दोराची थरथर ओळखणारा माणूस, त्याला पंपावर उभं करायचं. मला त्यांचा राग आला. कुणी आपल्यासाठी एवढं चांगलं वागलं की त्याच्याकडे बघवत नाही, तोंडात कडू पाणी येतं. बस आली तशी मी पुढच्या दारानं चढले, ते मागच्या.

आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आयुष्य काचेखाली, चिमट्यानं. नखं बघाल तर नवरदेवाची. रात्रीच्या जेवणाला बसता बसता म्हणाले, "वरून कळलं मला. राहिलंच असेल त्याचं काहीतरी. लहानपणापासून घायकुता आहे तो. तू मात्र त्यात पडू नकोस, आपण भलं नि आपलं काम भलं."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं, "नाहीतर ताट उचलीन."

ते गप्प बसले, पण जेवत राहिले. वर जाऊबाईंचा चालण्याचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशा लोकांना मी जन्मभर नावं ठेवली. साहेबांच्या टोपणाला नाक मुरडलं, गवंड्याच्या थुंकण्याला मुरडलं. माझ्याएवढी घाणेरडी ह्या घरात, त्या साइटवर दुसरी कोण होती? मी उठून हात धुतले.

बुधवारी सकाळी साहेब यायच्या आधी मी शिडीनं खड्ड्यात उतरले. पोती बाजूला केली आणि हातमोजा न घालता त्या काळ्या पट्ट्यात हात घातला. कोपर आत गेलं तरी काँक्रीट लागलं नाही. आतला रेंदा गार होता, बोटांभोवती मिटत होता. मी मूठभर उपसला, बादलीत टाकला आणि तिथंच ओकले. मग पोती पुन्हा लावली, बादली घेऊन वर आले.

दहा वाजता तपासनीस बाई आल्या. पांढरं हेल्मेट, बारीक आवाज, बोलण्यात एक शब्द जास्त नाही. साहेबांनी पत्र पुढे सरकवलं. दीर दाराशी उभे होते, केबिनच्या चाव्या आधीच टेबलावर काढून ठेवलेल्या. मी आत शिरले आणि टेबलावर, त्या पत्राशेजारी बादली ठेवली. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"हे सांध्यातलं आहे," मी म्हटलं, आणि काचेच्या नळीत सगळ्यांसमोर ते धुतलं. माती वाहून गेली. वाळू खाली बसत गेली, चढत चढत नळीवरच्या शेवटच्या रेघेला टेकली. "वीस टक्के. माझ्या कागदावर दीड टक्का लिहिलाय. ह्या भाऊजींनी ब्रश तीन वेळा फिरवला. तळाची खळच घाण होती. मी तळाचा नमुना घेतला नाही, वरचाच दोनदा लिहिला."

साहेब हसले. "वहिनी, दिराचा पुळका येणारच, घरचं माणूस आहे. पण वाळू काय, पाण्याबरोबर मागूनही येते. तुमचे कागद चांगले आहेत. कशाला बिघडवता?"

म्हणजे बघा. माझे कागद खोटे ठरले तर सगळी भिंत संशयात, मग साहेबही संशयात. त्यापेक्षा एक ग्रॅबवाला स्वस्त. खोटं लिहिलं तेव्हा कुणी अडवलं नव्हतं, खरं सांगायला आले तर हा माणूस मला समजावत होता. मला वाटलं ती बादली त्यांच्या मांडीवर ओतावी.

"वहिनी, जा तुम्ही," दीर दारातून हळूच म्हणाले.

तपासनीस बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मला विचारलं, "तुम्ही म्हणता ते खरं कशावरून? घरच्या माणसाला वाचवण्यासाठी कुणीही असं म्हणेल."

ह्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. रात्रभर मी त्याच्याभोवती फिरत होते. ते दिलं नसतं तर दीर पंपावर गेले असते, दिलं तर काय होईल हेही मला पक्कं ठाऊक होतं. तरी मनात एक आशा होती की बाई तेवढंच एक पान बघतील. माणूस कबुली देतानासुद्धा किती कंजूष असतो.

"फाईल काढा," मी म्हटलं. "अठरा नंबर. वरचं वजन बघा, तळाचं बघा. दोन्हीकडे एक पॉइंट शून्य आठ. वाळू दोन्हीकडे दीड. तळाची खळ वरच्याएवढी कधीच नसते, कितीही चाळा. थोडी तरी जड येतेच. आकडे जुळले म्हणजे तळाला कुणी गेलेलंच नाही."

बाईंनी अठरा नंबरचं पान काढलं. बघितलं. साहेबांकडे बघितलं. साहेबांनी टोपण कानातून काढलं.

"ह्यांच्या चाव्या परत द्या," बाई म्हणाल्या आणि ते पत्र मधोमध फाडलं.

दिरांनी दारातच डोळे मिटले. मला वाटलं, झालं. एवढ्यावर सुटलो.

पण बाईंनी फाईल मिटली नाही. त्यांनी बोटाला थुंकी लावून पहिल्यापासून पानं उलटायला सुरुवात केली. एका बोटानं वरचा आकडा, दुसऱ्या बोटानं खालचा. एक नंबर, फरक आहे. दोन, आहे. सहा नंबरवर त्यांची दोन्ही बोटं थांबली. त्यांनी पानाचा कोपरा दुमडला. मग नऊ. मग अठरा, ते तर बघून झालंच होतं. मग बावीस, तेवीस. कंटेनरमध्ये नुसता पानांचा आवाज. सहा नंबरला मला बरं नव्हतं. नऊला पाऊस होता. बावीस-तेवीसच्या वेळी मला कळून चुकलं होतं की कुणी बघत नाही. पुढच्यांना तर कारणसुद्धा लागलं नाही.

बाईंनी शेवटचं पान उलटलं. कंटेनरच्या भिंतीवर नकाशा होता, एक्केचाळीस पॅनेलांचा. त्यांनी लाल पेन घेऊन त्यावर खुणा केल्या. मग फोन उचलला आणि कुणाला तरी म्हणाल्या, "गल्लीतली माणसं आधी बाहेर काढा. लाँड्रीपासून पुढची सगळी. हो, आत्ता."

दीर नकाशापाशी आले. चाव्या त्यांच्या हातात होत्या. त्यांनी एकेका खुणेवर बोट ठेवलं. प्रत्येक पॅनेल त्यांनीच खणलेलं, प्रत्येक कड त्यांनी घासलेली, प्रत्येक वेळी ब्रश चकचकीत वर येईपर्यंत. त्यांना ती सगळी आठवत असणार.

"किती?" त्यांनी विचारलं.

खुणा समोर होत्या. तरी त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"नऊ," मी म्हटलं.

मी बादली उचलली, हात अजून कोपरापर्यंत काळेच होते, आणि दाराकडे निघाले. कंटेनरचं दार अरुंद, दोन माणसं एका वेळी मावत नाहीत. दीर वाटेतून बाजूला झाले. पोट आत ओढून, शर्टाची बाही स्वतःकडे आवळून, पत्र्याला पाठ लावून उभे राहिले, माझा स्पर्श होऊ नये म्हणून.